मशीनचं उद्यापन

आक्का, मंगळवारी मी डायलिसिसला गेले नाही. तुमच्या विलासचा फोन सकाळीच आला होता, आई गेली म्हणून. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पिशवीत भरलेली चादर परत कपाटात टाकली. सेंटरमधून फोन आला, माझ्या सुनेनं, म्हणजे प्रज्ञानं विचारलं, मुलानं ऑफिसातून विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, आज मन नाही. मनावर सोडायचं हे काम नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. तरी गेले नाही.

आज गुरुवार. पाय सुजून टम्म झालेत, चपलेचा पट्टा लागत नाही, न्हाणीघरापर्यंत गेले तरी धाप लागते. दुपारची माझी पाळी आहे. प्रज्ञा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटतेय, म्हणजे तिला विचारायचंय आणि विचारवत नाहीये. जायचं की तुमच्यासारखंच आता थांबायचं, हे मला दुपारच्या आत ठरवायचंय. आणि त्याआधी तुमच्याशी एक भांडण पुरं करायचंय. अर्ध्यावर टाकून गेलात तुम्ही, हे काही बरं केलं नाहीत.

आपली ओळख किती, तर दोन बेडच्या मधल्या हातभर जागेची. आठवड्यातून तीनदा, मशीनला जोडलेल्या दोन बायका. तुम्ही निफाडकडच्या, द्राक्षबागेतल्या. मी नाशिक रोडची, वीज कचेरीत लोकांच्या बिलांच्या तक्रारी ऐकण्यात उभी हयात गेलेली. तुमचा डावा हात सुयांना दिलेला, माझाही डावाच. तुमच्या उजव्या हातात माळ, माझ्या उजव्या हातात पेपर. पहिल्याच दिवशी तुम्ही आडनाव विचारलंत. मी पगारे सांगितलं आणि बघत बसले, आता ही बाई कूस बदलते का. हो, बघते मी. आयुष्यभर बघत आलेय. तुम्ही म्हणालात, पगारेबाई, चष्मा आणला नाय, पेपरात लासलगावचा भाव काय दिलाय तेवढं वाचा. मी कांद्याचा भाव वाचला. तुम्ही व्यापाऱ्यांना एक सणसणीत शिवी दिलीत आणि माळ ओढायला लागलात. मला तुम्ही तिथंच आवडलात.

मी विहारात जाणारी बाई. देव मानत नाही, नवस मानत नाही, आणि मीटर तपासल्याशिवाय कुणाचं काही खरं मानत नाही, ही नोकरीची खोड. तुमच्या माळेचंही मीटर तपासायचं मी मनाशी ठरवलं होतं, हे तुम्हाला कधी बोलले नाही. मशीनवर ब्लडप्रेशरचे आकडे दिसतात ना, ते मी तुमचा जप चालू असताना बघायचे आणि बंद असताना बघायचे. पेपर तोंडापुढं धरून, चोरून. जप चालू असला की प्रेशर स्थिर असायचं, हे खरं. मी चांगलीच चक्रावले. मग एकदा नीट वाकून पाहिलं, तर तुम्ही तोंड उघडं टाकून झोपला होतात आणि अंगठा तेवढा मण्यावर होता. दुसऱ्या वेळी जप जोरात चालू होता आणि प्रेशर चढलं, कारण तेवढ्यात तुमच्या सुनेचा फोन आला होता. माझ्या प्रयोगाचं असं झालं, आक्का. पुढं कधीतरी मी तुम्हाला चिडवलं की जप करता करता घोरता तुम्ही. तर म्हणालात, झोप बी त्यानंच दिलीय की.

देवावरून आपण किती वेळा भांडलो असू. मी म्हणायचे, तुमचा देव एवढा चांगला आहे तर त्यानं किडन्या का घालवल्या? एरवी उत्तराला तुम्ही कमी नव्हतात, पण यावर नुसतं हसायचात. एकदाच म्हणालात की बागेवर गारा पडल्या म्हणून आम्ही बागेत जायचं सोडतो काय. हे उत्तर नव्हे, आक्का. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, हे उत्तर नव्हे. पण त्या दिवसापासून गारपिटीची बातमी वाचली की मला बागेत जाणारी माणसं दिसतात.

मग ती आषाढातली एकादशी. दुसऱ्या दिवशी विलासनं तुम्हाला पिकअपमधून आणलं ते जवळजवळ उचलूनच. हातापायांत त्राण नाही, नाडी कुठल्या कुठं. डॉक्टर मॅडम धावत आल्या. रक्तात पोटॅशियम चढलं होतं, हृदय कधीही थांबलं असतं. मॅडम विलासला विचारतायत, काय खाल्लं होतं? आणि तो बिचारा रडवेला होऊन सांगतोय, काही नाही हो मॅडम, काल उपास होता, आईनं काहीच खाल्लं नाही.

मी शेजारच्या बेडवरून ऐकत होते. मॅडम हळूच म्हणाल्या, उपासाला काय घेतलं? आणि यादी बाहेर आली. सकाळी नारळपाणी, कारण उपासाला थकवा नको. दुपारी रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी. संध्याकाळी दोन केळी आणि खजूर. किडनीच्या माणसानं ज्याला हात लावू नये असं सगळं एका दिवसात, आणि वर 'काहीच खाल्लं नाही.' आपल्याकडं उपासाचं खाणं खाण्यात धरतच नाहीत ना. पथ्याचा कागद तुमच्या घरी देवघराशेजारीच चिकटवलेला होता म्हणे. केळी नको, बटाटा नको, सगळं त्यात होतं. पण तो कागद जेवणाचा होता, उपासाचा नव्हता. विलासनं इमानेइतबारे रोजच्या जेवणातला बटाटा बंद केला होता.

दुसरं कुणी असतं तर तुम्हाला फैलावर घेतलं असतं. वय काय, उपास कसले करता, देव काय म्हणतो का उपाशी मर म्हणून, वगैरे. मी मनातल्या मनात हेच भाषण करत होते. मॅडमनी तसं काही केलं नाही. तुम्ही शुद्धीवर आलात, मशीननं रक्त धुतलं गेलं, मग त्या स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं की तुमचे उपास कोणकोणते, कोणता सोडवेल, कोणता नाही सोडवणार. एकादशी सुटणार नाही म्हणालात. मग एकादशीचंच पथ्य बसवलं त्यांनी. भगर चालेल, पण दाण्याशिवाय. नारळपाणी कायमचं बंद. सफरचंदाच्या चार फोडी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, मग हे मशीनबी उपासासारखंच झालं की. वार ठरल्याले, खानं ठरल्यालं, पानी ठरल्यालं. मॅडम हसल्या, हो म्हणाल्या. तुम्ही पदर सावरून म्हणालात, मग व्रत धरलं मी ह्याचं.

त्या दिवसानंतर मॅडम पाळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारायला लागल्या. उपास करता का, काय मानता, कशानं धीर येतो. कुणी स्वामींचं नाव घेतलं, कुणी नमाज सांगितली, आठ नंबरच्या काकांनी क्रिकेट सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी ताडकन म्हटलं, चहानं. सगळे हसले. मीही हसले. पण दोन्ही हातांनी घट्ट धरावं असं माझ्याकडे काय आहे, हे घरी जाऊन मी खरंच शोधत बसले आणि मला सापडेना. रागच आला तुमचा.

कारण पाण्याचं तुम्हाला जमत होतं, मला जमत नव्हतं. आपल्याला दिवसाला पाणी ठरवून दिलेलं. मला त्यामागचं शास्त्र पाठ, जादा पाणी छातीत कसं साठतं ते मी दुसऱ्याला समजावून सांगायचे. आणि दुपारपर्यंत बाटली रिकामी करून बसायचे. दर वेळी माझं वजन वाढलेलं, सिस्टर बोलणार, मी भांडणार. तुमचं वजन मात्र जिथल्या तिथं. मी विचारलं, तुम्हाला तहान लागत नाही का हो? तुम्ही म्हणालात, लय लागते. सकाळी दिवसाचं पाणी फुलपात्रात भरून तुम्ही देवापुढं ठेवायचात आणि मग लागेल तसं पळीनं घ्यायचात. ते पाणी देवाचं, आपलं नव्हे, मग देवाचं संपवायची घाई कशी करायची. मी म्हटलं, ही मनाची समजूत आहे. तुम्ही म्हणालात, मग तहान काय पायाला लागते व्हय, ती बी मनालाच लागते. अर्धं चुकीचं होतं ते, आक्का. पण राहिलेलं अर्धं मला आजवर खोडता आलेलं नाही. तुमच्या जपानं किडनी काही परत आली नाही, मला तेवढं कळतं. पण जे पथ्य मला डॉक्टरांनी घातलेलं होतं ते तुम्ही स्वतः धरलेलं होतं, आणि एकाच पाण्याचा एवढा फरक कसा पडतो याचं मला अजून नवल वाटतं.

या दिवाळीनंतर तुमचं बिघडत गेलं. हाताची नस बंद पडली. गळ्यात नळी घातली, तिथं पू झाला. मशीन लावलं की प्रेशर खाली, उलट्या, अर्ध्यात थांबवून परत घरी. पडलात, खुब्याला लागलं. येताना पिकअपमध्ये गादी घालून आणायला लागले. मी पेपर वाचून दाखवायचे, तुम्ही डोळे मिटूनच हूं म्हणायचात. आणि एक दिवस तुम्ही मॅडमना सांगितलंत, तेवढ्या स्पष्टपणे तुम्ही महिन्यात काही बोलला नव्हतात. "मॅडम, व्रत लय दिस केलं. आता मला ह्याचं उद्यापन करायचंय."

मला वाटलं तापात बोलताय. मॅडमना तसं वाटलं नाही. त्या तुमच्याशी बोलल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा बोलल्या. झोप लागते का, मरावंसं वाटतं का, घरात कुणी काही म्हटलंय का, मशीन बंद केलं तर काय होईल हे माहीत आहे का. विलासशी वेगळं बोलल्या. शेवटी त्याच म्हणाल्या की आता मशीन फायद्यापेक्षा त्रासच जास्त देतंय, आजींचं म्हणणं वैद्यकाला सोडून नाही.

विलास माझ्याकडे आला. पायरीवर बसला, एवढा बाप्या माणूस, डोळे पुसत. म्हणाला, मावशी, तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगा. आणि मी भांडले तुमच्याशी. आठवतंय ना काय काय बोलले ते? उद्यापन कसलं, सरळ मरण म्हणा. देवानं सांगितलं का तुम्हाला येऊन? तुम्ही कपाळाला हात लावलात. म्हणालात, त्याला काय दुसरा धंदा नाय का, मीच ठरवलंय. मला तर उलट वाटलं होतं की भक्त माणूस शेवटपर्यंत चमत्काराची वाट बघत बसेल आणि माझ्यासारखी न मानणारी बाई शहाणपणानं सोडून देईल. इथं सगळं उलटंच चाललं होतं. डॉक्टरांच्या कागदावर पुढची तारीख असते, शेवटची नसते. सांगता कशी करायची, हे तुम्हालाच ठाऊक होतं, कारण तुमच्यात धरलेल्या प्रत्येक व्रताला ती असते.

आणि खरंच उद्यापन केलंत. आपल्या पाळीतल्या सगळ्यांना निफाडला जेवायला बोलावलंत, डॉक्टर मॅडमनासुद्धा. मी आधीच सांगितलं होतं, आरतीला मी उभी राहणार नाही. तुम्ही म्हणालात, आरतीला माझी घरची बक्कळ हायेत, तुम्ही जेवायला या. विलासच्या बायकोनं पाटावर पहिलं मला बसवलं, तुमच्याच सांगण्यावरून. मी विधवा, त्यात पगारे. तुमच्या चुलतजावेची मान थोडी फिरली, मी पाहिलं, आणि तुम्ही तिच्याकडं असं बघितलंत की ती वाढायला धावली. पुरण नाही, कारण आपल्याला डाळ चालत नाही. सांज्याच्या पोळ्या. दोडक्याची भाजी उकळून, पाणी टाकून दिलेली. मिठाचा कण नाही. तुमची नातवंडं तोंडं वाकडी करून जेवत होती आणि आम्ही पेशंट लोक, जन्मात पहिल्यांदा, एखाद्या पंगतीला काही न विचारता पोटभर जेवलो. मी रडले तिथं. तिखट नव्हतंच, तेव्हा तेही निमित्त सांगता आलं नाही.

हात धुतल्यावर तुमच्या खाटेशी येऊन बसले आणि बोलून गेले, तुम्ही नसाल तर मीही थांबते, आक्का. मलाही पुरे झालंय. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही रागावलात. दम लागत होता, तरी उठून बसायला निघालात. "मला कटाळा आला म्हनून नाय मी सोडत. माझं झालं म्हनून सोडते. तुमचं झालं का?"

तेवढ्यात तुमच्या सुनेनं औषध आणलं आणि विषय तुटला.

त्यानंतर एकदाच आले. पडवीत खाट होती, समोर बाग, घड लागलेले. मॅडम रविवारी येऊन गेल्या होत्या, दम लागला तर काय द्यायचं ते समजावून, आता हवं तेवढं पाणी द्या असंही सांगून. तुम्ही मात्र पळीनंच घेत होतात. म्हणालात, जास्तीची सवय ऱ्हायली नाय. मला तुम्हाला विचारायचं होतं, भीती वाटते का? खरंच विचारायचं होतं, चिडवायला नाही. मला ते कळून घ्यायचं होतं, कारण ते तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार. आणि मी विचारलं काय, तर यंदा द्राक्षाला भाव मिळेल का. तुम्ही हसलात आणि माझा हात धरून झोपी गेलात. भीती वाटत होती की नव्हती, मला माहीत नाही. तुमचा हात गरम होता आणि ढिला होता. एवढंच मी सांगू शकते.

आता माझं ऐका. मंगळवारपासून तुमचाच प्रश्न घेऊन बसलेय. तुमचं झालं का? पहिल्या दिवशी वाटलं, झालं. नवरा गेला, मुलगा मार्गी लागला, आक्का गेल्या, आता कुणासाठी हातात सुया खुपसून घ्यायच्या. काल पाय सुजले तेव्हा बरंच वाटलं, म्हटलं, चला, आपोआप होतंय. आणि मग तुमच्यासारखी सांगता करावी म्हणून मी मनात मांडामांड करायला लागले, कुणाला बोलवायचं, काय सांगायचं, आणि तिथंच अडले. सांगता कशाची करणार? मी काही धरलेलंच नव्हतं. आधी नवरा न्यायचा म्हणून जात होते, मग मुलगा न्यायचा, आता प्रज्ञा नेते. पाणी मोजून देतात म्हणून चोरून पीत होते. एवढी वर्षं मशीनवर पडून राहिले ती कुरकुरत, भांडत, शेजारणीचं मीटर तपासत. जे हातात घेतलंच नाही ते खाली कसं ठेवणार, आक्का? माझं हे उद्यापन नव्हे. मी नुसती रुसलेय तुमच्यावर, मेलात म्हणून.

आमच्यात व्रतं नाहीत. पण शील आहे. विहारात लहानपणापासून पाची शीलं मोठ्यानं म्हणत आलेय, इतकी पाठ की म्हणताना डोक्यात स्वयंपाकाचे विचार चालतात. काल संध्याकाळी इथं बसून पहिल्यांदा नीट ऐकली, माझ्याच तोंडची. त्यात कुठं असं नाही की मला कुणी लावलंय. मी घेते, एवढंच आहे. आपल्या तोंडानं म्हणायचं, मी घेते. एवढं साधं शेजारच्या बेडवरची माळकरी बाई मेल्याशिवाय मला कळू नये, म्हणजे कमालच झाली.

आत्ता सेंटरचा फोन वाजला. प्रज्ञा हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे न बघता फोनकडे निघाली. मी म्हटलं, इकडे दे, मी बोलते. सिस्टर म्हणाली, पगारे आजींना आणताय ना आज? एरवी प्रज्ञा सांगते, आणते त्यांना.

मी म्हटलं, "मीच बोलतेय. येतेय मी."